नगरहून समुद्राकडे, गाडी नसताना: चौल-रेवदंडा, एसटी आणि भरतीचं गणित

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना गावांची नावं, बसचे टप्पे टिपून घेता येत नाहीत असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून सगळं इथे नीट मांडलंय.)

पाथर्डीच्या एका श्रोत्यानं मेसेज केला होता. "ताई, रील्समध्ये इटलीतली समुद्राकाठची गावं बघतो. लोक ट्रेननं उतरतात, पायी फिरतात, गर्दी नसताना जातात. आपल्याकडे गाडी नसली की समुद्र विसरायचा का?"

प्रश्न माझ्याही घरातला आहे. माझी आई पारनेर तालुक्यातली. टँकरच्या रांगेत उभं राहण्यात तिची अर्धी उमेद गेली. पंचावन्न वर्षांची झाली तरी समुद्र तिनं फक्त टीव्हीवर पाहिलेला. दर उन्हाळ्यात नातेवाइकांत ठराव व्हायचा, "या वर्षी गाडी करून कोकणात जाऊ." मग कुणाची रजा नाही, कुणाच्या घरी लग्न, कुणाला भाडं जास्त वाटतंय. आठ वर्षं हेच चाललं. शेवटी या फेब्रुवारीत मी म्हटलं, आई, गाडीची वाट बघणं बंद. आपण दोघी एसटीनं जाऊ.

चौलच का?

अलिबाग, मुरुड, काशीद ही नावं सगळ्यांना माहीत असतात. मी रेवदंडा आणि त्याला लागून असलेलं चौल निवडलं, कारण एके काळी हाच आपल्या नगरचा समुद्र होता.

नगर शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानं वसवलं. त्याच्या राज्याचं एक टोक घाटमाथ्यावर, दुसरं थेट कोकण किनाऱ्यावर, आणि तिथलं मोठं बंदर चौल. अरबस्तान-इराणचे घोडे जहाजांनी इथे उतरायचे आणि घाट चढून देशावर यायचे. इथलं कापड बाहेर जायचं. बंदर त्याहूनही फार जुनं. कान्हेरीच्या शिलालेखांत ते 'चेमुल' म्हणून येतं.

इथे इटलीचा माणूसही येऊन गेलाय बरं का! बोलोन्याचा लुदोविको दी वार्तेमा सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला चौलला आला, आणि त्याचं प्रवासवर्णन १५१० मध्ये छापलं गेलं. त्याच्या आधी, साधारण १४७० च्या सुमारास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळा तिथेच काढला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. गाडी नसलेले प्रवासी इथे नवे नाहीत, एवढंच सांगायचंय.

मग आले पोर्तुगीज. १५२१ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहानं त्यांना रेवदंड्याला किल्ला बांधायची परवानगी दिली. पुढे ती महागात पडली. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानं मोठं सैन्य घेऊन किल्ल्याला वेढा घातला, कित्येक महिने झुंज चालली, किल्ला पडला नाही आणि १५७१ मध्ये तह करावा लागला. तेव्हा रेवदंड्याच्या तटाजवळ उभं राहिलात की समजा, आपल्या नगरची फौज याच भिंतीपुढे अडली होती.

ऑफ-सीझन म्हणजे नेमका कधी?

किनाऱ्यावर गर्दी दिवाळीत, नाताळ ते नववर्षात, मेच्या सुट्टीत आणि प्रत्येक शनिवार-रविवारी. उरलेल्यात दोन ऑफ-सीझन आहेत आणि ते अगदी वेगळे.

पहिला पावसाळा. कोकण हिरवागार, पण समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात ताजी सुरमई मिळेलच असं नाही. गेटवे ते मांडवा लाँचही पावसाळ्यात बंद असतात. निवांत बसून पाऊस बघायचा असेल तर जा. पाण्यात उतरायचं नाही, हे आधीच ठरवून जा.

दुसरा फेब्रुवारी-मार्चमधले कामाचे दिवस. परीक्षा जवळ आलेल्या असतात, म्हणून कुटुंबं घरात. सकाळ-संध्याकाळ हवा छान, दुपारी मात्र ऊन. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच काळ धरावा. आम्ही बुधवारी निघालो आणि शुक्रवारी परत फिरलो. खोलीच्या भाड्यात घासाघीस करावी लागली नाही, मालकीणबाईंनीच आपणहून कमी सांगितलं. पण ऑफ-सीझनला खानावळीत जेवण तयार नसतं. सकाळी चहा पितानाच सांगून ठेवायचं, दुपारी काय हवं ते.

जायचं कसं?

पहिला टप्पा नगर ते पुणे, साधारण १२० किलोमीटर, तीन तास धरा. बस शिवाजीनगरच्या, म्हणजे आता वाकडेवाडीच्या स्थानकावर येते. अलिबागची बस स्वारगेटहून. मधलं अंतर रिक्षा आणि मेट्रोनं कापा. शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो थेट आहे, ट्रॅफिकमध्ये अडकायला होत नाही.

दुसरा टप्पा स्वारगेट ते अलिबाग. लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ करत चार तास तरी लागतात. खिडकीची जागा मिळवा, खोपोलीचा घाट उतरताना हवा बदललेली गालाला कळते.

तिसरा टप्पा अलिबाग ते रेवदंडा, सतरा-अठरा किलोमीटर. एसटी आहे, आणि स्थानकाबाहेर शेअर मिनीडोअर उभ्या असतात. भरल्याशिवाय सुटत नाहीत, तेव्हा घाई दाखवून उपयोग नाही.

मुंबईत कुणाकडे मुक्काम असेल तर गेटवे ऑफ इंडियावरून लाँचनं मांडव्याला या. त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस देणाऱ्या कंपन्या आहेत.

पैशांचं म्हणाल तर एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. आम्हा दोघींचं मिळून एकच पूर्ण तिकीट झालं. आई प्रत्येक कंडक्टरला खात्री करून विचारायची, "दोघींचं एवढंच ना?" आता यूपीआयही चालतं. पण घाटात रेंज गेली की यंत्रही हात टेकतं, म्हणून शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा ठेवाच.

पायी काय काय बघायचं?

रेवदंड्यात रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, आणि मध्येच पोर्तुगीज चर्चचे पडके अवशेष. 'सातखणी' नावाचा मनोरा आहे. सातही खण आता उरलेले नाहीत, पण लांबून नजरेत भरतो. तटापलीकडे काळसर वाळूचा किनारा आणि सुरूची झाडं. गुरुवारी सकाळी सात वाजता तिथे आम्ही दोघी, जाळं निवडणारे दोन कोळीदादा आणि एक कुत्रं, एवढेच होतो.

आईनं चप्पल काढून हातात घेतली. पाणी पायाला लागलं तशी दोन पावलं मागे सरकली, मग हसली. बोटानं चाखून बघितलं. म्हणाली, "अगं, एवढं पाणी आणि एक घोट प्यायचं नाही!"

संध्याकाळी चौलच्या रामेश्वराला गेलो. देवळापुढे मोठी पुष्करणी आहे. महाशिवरात्र तीन दिवसांवर होती, साफसफाई चालली होती. मंदिरात पर्जन्यकुंड, अग्निकुंड आणि वायुकुंड अशी तीन कुंडं सांगतात. पावसानं दगा दिला की पर्जन्यकुंड उघडायचं, अशी इथली परंपरा. मला वाटायचं दुष्काळाची भीती फक्त आपल्याकडे. आई त्या जागेपुढे बराच वेळ हात जोडून उभी होती. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोर्लई. मुरुडच्या बसनं कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, पुढे कोर्लई. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये लांबट डोंगरावर किल्ला. ही जागा निजामशाहीनं बांधायला घेतली आणि १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकली. १७४० मध्ये ते इथून गेले. पण पायथ्याच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून तयार झालेली एक बोली आजही बोलतात. तिला ते 'नोउ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. राज्य जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, बोली टिकून आहे. तिथे गेलात तर मोबाइल तोंडापुढे धरून "बोलून दाखवा ना" करू नका. लोकांचं घर आहे ते.

आता भरतीचं गणित

हा भाग नीट वाचा. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला पायी किंवा घोडागाडीनं जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. आत अडकण्याचे आणि परतताना पाण्यात सापडण्याचे प्रकार होतात, ते याच वेळेच्या चुकीमुळे.

फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं. पण रेंज नसली तर? किनाऱ्यावरची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. कॅलेंडरमध्ये तिथी बघा आणि पाऊणनं गुणा. जे येईल ती भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. साधारण सव्वासहा तास पुढे किंवा मागे ओहोटी. शुक्ल असो वा वद्य, पक्ष बदलला की प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा.

हे जमतं कसं? चंद्र रोज जवळपास पाऊण तासानं उशिरा उगवतो आणि भरती चंद्रामागे चालते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण: पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि परत येतानाही वेगानं येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी, त्यामुळे ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकतं. गणित मुंबई-अलिबागच्या आसपास बऱ्यापैकी जुळतं. पण ते नियोजनापुरतं. पाण्यात पाय टाकण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारायचंच.

माझी चूक

शुक्रवारी माघ वद्य एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. दीडपर्यंत अलिबाग गाठायचं, कुलाबा बघायचा, अशी आखणी. आईनं सकाळपासून तेच धरलं होतं, "समुद्रातून चालत जायचं."

मी कोर्लईच्या परतीच्या बसची वेळ फोनवर बघितली होती. तिथे कुणाला विचारलंच नाही. ती बस आलीच नाही. उन्हात पावणेदोन तास थांबलो. आईचा उपवास, पिशवीत दोन केळी आणि शेंगदाण्याचे लाडू. जवळच्या टपरीवाल्या काकांनी नंतर सांगितलं, "ती गाडी कधीची बंद आहे, आधी विचारायचं ना."

अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. किल्ल्याकडून परतणाऱ्यांच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं होतं. आई म्हणाली, "जाऊ गं पटकन, एवढ्यांदा आलोय." आणि मला नाही म्हणावं लागलं. ती काही बोलली नाही, पण तोंड उतरलं. अर्ध्या तासात आम्ही उभ्या होतो तिथून दिसणारी वाट पाण्याखाली गेली. आईनं ते बघितलं आणि माझा हात धरला.

रात्री पुण्यात मावशीकडे पोचलो. वाटेत वीकेंडच्या गाड्या उलट दिशेनं रांगेत उभ्या होत्या.

तर, निघण्याआधी एवढं करा

तिथी बघून दिवस ठरवा. आतल्या गावांच्या बसची वेळ कंट्रोलरला किंवा कंडक्टरला तोंडी विचारा, आणि उतरतानाच "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" हेही विचारा. शेवटच्या गाडीवर बेत बांधू नका, तिच्या आधीची धरा. अकरा ते चार सावलीत बसा. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा. पाणी आणि काहीतरी खायला नेहमी पिशवीत.

आईनं घरी आल्यावर कॅलेंडर काढलं आणि एकेका तिथीला पाऊणनं गुणत बसली. आता दिवाळीनंतरच्या एका मंगळवारावर पेन्सिलीनं खूण आहे. कुलाबा राहिलाय ना!

तुम्ही एसटीनं कुठला किनारा गाठलात, बस कुठे चुकली, ते आवाजी मेसेजमध्ये नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि सुट्टे पैसे ठेवा!