विलायतेचा अर्ज: मुदत, दाखले आणि मध्यस्थ

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून स्वदेशी परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली, सिडनेहॅम महाविद्यालयातील पगारातून पैसा साठवला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. मुदतीचा व पैशाचा हिशेब ज्याचा त्यानेच राखावा लागतो, हा त्यातील धडा पनवेलहून ब्रिटिश विद्यापीठाकडे अर्ज धाडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यासही तंतोतंत लागू आहे.

पदवीचा अर्ज ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो आणि त्यात पाच अभ्यासक्रम निवडता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यक यांची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी १५ ऑक्टोबरला संपते, बहुतेक इतरांची जानेवारीत. आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोहोंकडे एकाच वर्षी पदवीसाठी अर्ज करता येत नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठी मात्र बहुधा प्रत्येक विद्यापीठाकडे थेट व स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

यूकासच्या अर्जातील निवेदन पाचही ठिकाणी एकच जात असल्यामुळे ते विषयनिष्ठ असणे अपरिहार्य ठरते. हाच विषय का, शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले, या तीन प्रश्नांची उत्तरे एकूण ४००० अक्षरचिन्हांत बसवायची असतात. ‘लहानपणापासून मला बांधकामाची आवड आहे’ या वाक्याने परीक्षकाला काहीच कळत नाही. परंतु पनवेलजवळच्या नव्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि टेकडी छाटली गेली, तेव्हा भरतीच्या व पावसाच्या पाण्याची वाट कशी बदलली असेल, असा प्रश्न विचारून त्यासाठी आपण काय वाचले आणि काय मोजले हे जो सांगतो, त्याची जिज्ञासा शिफारसपत्राविना सिद्ध होते.

विद्यापीठाने ‘कॅस’ हे प्रवेशनिश्चितीचे पत्र दिले की व्हिसाचा अध्याय सुरू होतो, आणि आपल्याकडील कुटुंबांची खरी तारांबळ येथेच उडते. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि निर्वाहखर्च, म्हणजे सध्याच्या दराने लंडनमध्ये दरमहा १५२९ व लंडनबाहेर ११७१ पौंड, असा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, इतकी रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहिली पाहिजे. मध्ये एक दिवस जरी शिल्लक त्याखाली उतरली तरी गणना नव्याने सुरू होते. अविवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत हे खाते त्याचे स्वतःचे अथवा आईवडिलांचे वा कायदेशीर पालकाचे असावे लागते. विमानतळासाठी संपादित झालेल्या जमिनीचा मोबदला आजोबांच्या नावे पडून असेल, तर तो कितीही मोठा असला तरी उपयोगी नाही; तो वेळीच वळता करून २८ दिवस थांबणे प्राप्त आहे. खाते आईवडिलांचे असल्यास जन्माचा दाखला व संमतिपत्र लागते आणि जुना दाखला केवळ मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते. याशिवाय सहा महिन्यांहून दीर्घ अभ्यासक्रमासाठी मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र हवे, आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे.

‘विनामूल्य सल्ला’ देणारा मध्यस्थ या साऱ्यात सहायक ठरू शकतो. परंतु त्याची दलाली बहुधा विद्यापीठ भरते, तीही विद्यार्थ्याने प्रत्यक्ष प्रवेश घेतल्यावर, आणि म्हणून जी विद्यापीठे दलाली देत नाहीत त्यांची नावे त्याच्या यादीत अभावानेच आढळावीत, यात नवल नाही. म्हणून त्याची कोणत्या विद्यापीठांशी बांधिलकी आहे, हे त्याला पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे. कागद तपासण्याचे काम त्याच्याकडे खुशाल सोपवावे, पण अर्जाचा परवलीचा शब्द, निवेदनाची लेखणी आणि विद्यापीठाची निवड ही तिन्ही आपल्याच हाती ठेवावीत.