कल्हईचें कथील आणि विषारी कथील

नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत पितळी पातेल्यांना कल्हई असे, म्हणूनच आंबट वरण त्यांत कळकत नसे. भांडें भात्याच्या आंचेवर तापवावयाचें, नवसागराची पूड टाकावयाची, कथील लावून तें कापसाच्या बोळ्यानें चहूंकडे पसरावयाचें, एवढीच ती कृति. कथील २३२ अंशांवर वितळतें, म्हणून हें काम अंगणांतहि उरकत असे. असें कथील पोटांत गेलें तरी बहुतेक तसेंच बाहेर पडतें. त्यांत शिसें मिसळलेलें नसावें, एवढें मात्र पाहावें लागे.

त्याच कथिलाच्या अणूला कर्बाच्या साखळ्या जोडल्या, कीं त्याचा स्वभाव पालटतो. एक-दोन साखळ्या असतील तर विष सौम्य. तीन असल्या म्हणजे तें अत्यंत जहाल. असा पदार्थ पाण्यांत फारसा विरघळत नाहीं, चरबींत मात्र सहज शिरतो, आणि पेशीची शक्ति निर्माण करण्याची क्रियाच बंद पाडतो. साखळ्या आंखूड असल्या तर मेंदूवर घाला पडतो. १९५४ सालीं फ्रान्समध्यें गळवांवर ‘स्टालिनॉन’ नांवाचें औषध पोटांत देण्यांत आलें. त्यांत दोन साखळ्यांचें कथील असावयाचें. तीन साखळ्यांचें मिसळलें होतें. तीव्र डोकेदुखी, वांत्या आणि मेंदूला सूज येऊन सुमारें शंभर माणसें दगावलीं.

तीन लांब साखळ्यांचें ट्रायब्यूटिल-टिन जहाजांच्या तळाच्या रंगांत वापरीत. शंखशिंपले तळाला चिकटेनात, जहाज वेगानें जाई; व्यापाऱ्यांना दुसरें काय हवें? परंतु एका लिटर पाण्यांत ग्रॅमचा अब्जावा भाग एवढ्यानेंहि कांहीं जातींच्या शंखांतील माद्यांना नराचीं इंद्रियें फुटूं लागलीं. फ्रान्सनें १९८२ सालीं या रंगावर निर्बंध घातले. आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००१ सालीं झाला व २००८ मध्यें अमलांत आला. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यांत व गाळांतहि त्याचे अंश आढळल्याचें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें.

समुद्र मराठवाड्यापासून दूर खरा. कथिलाचीं संयुगें मात्र घरांत नळाच्या वाटेनें येऊं शकतात. पीव्हीसी तापवून नळी घडवितांना तें आम्ल सोडून कुजूं लागतें. तें थोपविण्यास पूर्वी शिसें सर्रास घालीत. २०२१ सालीं केंद्र सरकारनें त्यास आळा घालणारे नियम केले. शिशाऐवजीं कॅल्शियम-जस्ताचीं, अथवा एक-दोन साखळ्यांच्या कथिलाचीं संयुगें घालतां येतात. हें कथील सौम्य प्रकारांतलें. तरी नव्या नळींतून त्याचा अंश आरंभींच्या दिवसांत अधिक झिरपतो. म्हणून पहिलें पाणी पिण्यास घेऊं नये. २०१६ सालीं ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें तें गटारांत सोडा असें कोण सांगेल? त्यानें फरशी धुवावी, न्हाणीघरांत वापरावें.