चिखलावर मात करणारा ट्रक

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ट्रकशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु पावसाळ्यात रुतलेली एस.टी. ज्याने खाली उतरून ढकलली आहे, त्याला एक प्रश्न नक्कीच पडला असेल. मागची चाके जागच्या जागी गरगर फिरून चिखल उडवीत असतात, तेव्हा पुढची चाके स्वस्थ का?

कारण साधे आहे. अशा गाडीत इंजिनाची शक्ती केवळ मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके दिशा देतात, एवढेच. चाकाची जमिनीवरील पकड त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार गाडी ओढण्याच्या कामी येतच नाही. सर्व चाकांना शक्ती दिली, तर गाडीचे सारे वजन उपयोगी पडते.

दुसऱ्या महायुद्धात या तत्त्वावर बांधलेला प्रसिद्ध ट्रक म्हणजे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा 'सीसीकेडब्ल्यू'. सैनिक त्याला लाडाने 'जिमी' म्हणत. असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या लहान मोटारीइतकेच. पण ती शक्ती पुढच्या एका व मागच्या दोन अशा तिन्ही आसांना पोचत असे. रस्ता सोडून अडीच टन माल नेण्यासाठी तो आखलेला होता.

गिअरबॉक्समागे 'ट्रान्सफर केस' नावाची आणखी एक पेटी असते. ती शक्तीची वाटणी करते. आणि तिचा खालचा गिअर टाकला की वेग कमी होऊन जोर वाढतो. मात्र पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांची शक्ती तोडावी लागते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर घसरता येत नाही आणि सारा ताण यंत्रावर येतो.

या ट्रकची खरी कसोटी १९४४ साली फ्रान्समध्ये लागली. जून महिन्यात दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले व पुढे वेगाने पूर्वेकडे धावले. शत्रूला रसद मिळू नये म्हणून फ्रान्सचे लोहमार्ग दोस्तांनीच बाँबफेक करून उद्ध्वस्त केले होते. आता पेट्रोल आणि दारूगोळा पोचवायचा कसा? २५ ऑगस्टला 'रेड बॉल एक्स्प्रेस' सुरू झाली. एक रस्ता जाण्यासाठी, दुसरा परतण्यासाठी. इतर वाहतूक बंद. ऐन भरात सुमारे सहा हजार वाहने रात्रंदिवस धावत होती. चालक झोपेविना गाड्या हाकीत, ठरलेल्यापेक्षा कितीतरी अधिक माल लादीत. १६ नोव्हेंबरपर्यंत चार लाख टनांहून अधिक माल पोचला.

या चालकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकन सैन्यात वर्णभेद होता. कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत आणि त्यांतील बहुतेकांना लढाईऐवजी ओझी वाहण्याची कामेच दिली जात. सैन्यातील हा भेद संपविण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो १९४८ मध्ये.

सर्व चाकांना सारखी संधी दिली तरच गाडी चिखलातून निघते, हे त्या सैन्याला यंत्राच्या बाबतीत कळले होते. माणसांच्या बाबतीत कळायला आणखी चार वर्षे लागली. आपल्यालाही ते पुरते कळले आहे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.