विश्वाच्या जाळ्याचा अदमास

जुलै 2017 मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह सापडल्याचं जाहीर केलं. आपल्यापासून सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं दूर, पसारा जवळपास 60 कोटी प्रकाशवर्षांचा. आरंभी जवळजवळ एकसारख्या पसरलेल्या द्रव्यातून एवढी मोठी रचना उभी राहिली कशी?

उत्तर आइन्स्टाइनच्या दहा समीकरणांत आहे. पण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. सगळीकडे सारखं असलेलं प्रसरणशील विश्व फ्रीडमन या शास्त्रज्ञानं 1922 मध्ये त्यांतून काढून दाखवलं. गुठळ्या आणि पोकळ्यांचं जाळं असलेल्या खऱ्या विश्वासाठी तसं नेमकं सूत्र नाही. तिथं अदमासच घ्यावा लागतो.

पहिला अदमास असा: प्रसरण आइन्स्टाइनकडून घ्यायचं, द्रव्य गोळा होण्याचा हिशेब न्यूटनच्या नियमानं करायचा. हे का चालतं? मोठ्या समूहांतल्या दीर्घिकांचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास असतो, प्रकाशाचा तीन लाख. सापेक्षतेमुळे पडणारा फरक या गुणोत्तराच्या वर्गाएवढा, म्हणजे साधारण लाखात एक भाग.

तरीही कोट्यवधी कणांची ओढाताण कागदावर मांडता येत नाही. 1970 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी वाट काढली: प्रत्येक कण सुरुवातीच्याच दिशेनं सरळ जातो असं मानायचं. संक्रांतीला सोलापुरात गल्लीगल्लीतून सिद्धेश्वराच्या गड्ड्याला निघालेली माणसं आठवा. झेल्डोविचच्या हिशेबात ती चौकात जमतात, गर्दीची भिंत उभी राहते. पण थांबायचं कुणालाच ठाऊक नसल्यानं सगळे आरपार जातात आणि भिंत विरते. 1980 च्या दशकात आलेल्या ‘चिकट’ पद्धतीत भेटलेले कण एकत्रच पुढे जातात, त्यामुळे भिंत टिकते. 1994 मध्ये आयुकात जसजीत बागला आणि थाणू पद्मनाभन यांनी तिसरी रीत तपासली: ओढ पहिल्यासारखीच कायम धरायची, म्हणजे पुढे निसटलेला कण मागे वळतो.

पुढच्याच वर्षी बी. एस. सत्यप्रकाश, वरुण साहनी आणि सहकाऱ्यांनी अशा रीती संगणकावरच्या पूर्ण हिशेबाशी ताडून पाहिल्या. अशा तुलनेतून प्रत्येक रीतीची मर्यादा कळते. झेल्डोविचची रीत भिंती बनेपर्यंत उत्तम. चिकट रीत जाळ्याचा सांगाडा आणि पोकळ्या नेटक्या दाखवते. समूहाच्या पोटातली गुंतागुंत मात्र तिच्याही हाती लागत नाही. एवढं सगळं वगळूनही सांगाडा बरोबर उतरतो, म्हणजे जाळ्याची रूपरेषा द्रव्याच्या घनतेतल्या आरंभीच्या बारीक चढउतारांतच दडलेली होती. ही मोलाची गोष्ट या अदमासांनीच उघड केली.

दृश्य विश्वाच्या आकाराच्या अंतरांवर मात्र न्यूटन अपुरा पडतो; त्याचं गुरुत्व क्षणात पोहोचतं, खरं गुरुत्व प्रकाशाच्या वेगानं. म्हणून 2016 मध्ये अ‍ॅडमेक, ड्युरर आदी शास्त्रज्ञांनी अवकाशाची वक्रता सौम्य मानून थेट आइन्स्टाइनच्या नियमांवर चालणारी संगणक-प्रणाली मांडली. आजही संगणकावर अशी आभासी विश्वं सुरू करताना कणांना पहिली जागा आणि पहिला वेग झेल्डोविचच्या रीतीनं किंवा तिच्या सुधारित रूपानं दिला जातो.