पोत्यातलं इंद्रधनुष्य

मूठभर नाणी : लेखांक ९

जाड्याभरड्या कापडाची एक थैली. आत चांदीचे हजार डॉलर, वजन पावणेसत्तावीस किलो. तोंड बांधून ती तिजोरीत टाकली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अशा थैल्या एक-दोन नव्हत्या, अमेरिकेच्या सरकारी खजिन्यात त्यांच्या राशी लागल्या होत्या. मागच्या लेखात आपण नाण्याची झीज पाहिली. आज उलटी गोष्ट. जी नाणी कुणाच्या खिशात गेलीच नाहीत, म्हणून झिजलीही नाहीत, त्यांचं काय झालं?

त्यांच्यावर रंग चढला.

हे डॉलर पाडले गेले ते कुणाला हवे होते म्हणून नव्हे. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी खजिन्यावर बंधन घातलं, की दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची. पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणींचं भलं झालं. नाणं मात्र २६.७३ ग्रॅमचं, म्हणजे आपल्या कलदार रुपयाच्या सव्वादोन पटीहून जड. शहरातल्या लोकांना ते खिशात बाळगायचं नव्हतं. त्यांनी चांदीच्या बदल्यात मिळणारी कागदी प्रमाणपत्रं वापरली आणि नाणी तळघरात राहिली. कोरणाऱ्या जॉर्ज मॉर्गनच्या नावावरून ‘मॉर्गन डॉलर’ म्हणून ओळखलं जाणारं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं.

आता रंगाचं. चांदीला गंधक लागलं की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. पैंजण काळे पडतात ते त्यामुळेच. पण काळं पडणं हा शेवटचा टप्पा आहे. थर अगदी पातळ असताना, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास असताना, प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या अंगावरून परततो आणि काही खालच्या चांदीवरून. हे दोन्ही किरण एकमेकांत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पेट्रोलचा थेंब पसरला की जे दिसतं तेच इथे चांदीवर दिसतं. नाण्यावर रंगद्रव्य असं काहीच नसतं. रंग दिसतो तो थराच्या जाडीचा.

म्हणून रंगांना क्रम असतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस, किरमिजी, जांभळा, गडद निळा, आकाशी. थर आणखी वाढला की दुसरी फेरी सुरू होते : लिंबासारखा पिवळा, नारिंगी, राणी रंग, आणि त्यानंतर मोरपंखी हिरवा. पुढे सगळं करडं होत होत काळं. हिरवा पहिल्या फेरीत येत नाही. हे वाक्य नाणी गोळा करणाऱ्याने पाकिटात लिहून ठेवावं, कारण फसवणाऱ्याची चूक बहुतेक वेळा इथेच सापडते.

थैलीतल्या हजार नाण्यांपैकी रंग चढायचा तो मुख्यतः कापडाला टेकलेल्या नाण्यांवर, आणि तोही टेकलेल्या बाजूवर. मधली नाणी पांढरीशुभ्र राहायची. एका नाण्यावर दुसरं अर्धवट आलेलं असेल तर झाकलेला भाग कोरा आणि उघडा भाग रंगीत, अशी चंद्रकोर उमटायची. काही नाण्यांवर तर कापडाची वीणच उतरलेली दिसते, आडवे-उभे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. उठावदार अक्षरांच्या कडेला कापड तंबूसारखं ताणलं जातं, धातूला टेकत नाही. तिथे अक्षराभोवती फिकट कड राहते. खऱ्या रंगाची ही माझी सगळ्यात आवडती खूण.

भट्टीत किंवा गंधकाच्या वाफेत रंगवलेल्या नाण्यात ही शिस्त नसते. रंग क्रम सोडून उड्या मारतात, अक्षरांच्या सांदीकोपऱ्यातही सारखेच घुसतात आणि खालची लकाकी त्यांच्यातून दिसण्याऐवजी त्यांच्याखाली दबते. उकडलेलं अंडं आणि हवाबंद डबा एवढ्या सामग्रीवर हा उद्योग घरात चालतो. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या प्रतवारी करणाऱ्या संस्था रंगाबद्दल शंका आली की नाण्याला प्रतीचा आकडा देत नाहीत. त्यांचाही निर्णय शेवटी नजरेचाच असतो, हे मात्र खरेदी करताना विसरू नये.

या थैल्या बाहेर आल्या तेव्हा नाण्यांच्या बाजारात गंमत झाली. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा डॉलर दुर्मीळ समजला जाई. कोऱ्या नाण्याची किंमत १,५०० डॉलरपर्यंत लावली जात होती. १९६२ च्या अखेरीस नाताळच्या मागणीसाठी फिलाडेल्फियातली एक बंद कोठडी उघडली आणि त्या नाण्याच्या थैल्याच्या थैल्या निघाल्या. भाव तीस डॉलरच्या आसपास कोसळला. लोक खजिन्यासमोर रांगा लावून दर्शनी भावात डॉलर घेऊ लागले. मार्च १९६४ मध्ये सरकारने खिडकी बंद केली तेव्हा तीसेक लाख नाणी उरली होती, त्यातली बहुतेक नेवाडातल्या कार्सन सिटी टांकसाळीची.

ही उरलेली नाणी १९७२ पासून सरकारने प्लॅस्टिकच्या कडक डब्यांत घालून टपालाने विकली. निवडणाऱ्यांनी चकचकीत नाणी वेगळी काढली आणि डाग पडलेली, रंग धरलेली, ओरखडे असलेली नाणी खालच्या गटात टाकली. त्यांच्या डब्यावर ‘न वापरलेलं’ हा शब्दही छापला नाही. त्याच बाजूला काढलेल्या डब्यांतलं एखादं निळं-सोनेरी नाणं मिळावं म्हणून आज गोळा करणारे धडपडतात. सरकारी निवडीचा इतका देखणा पराभव मी दुसरा पाहिलेला नाही.

खासगी साठेही निघाले. रिनो शहरातल्या लावेअर रेडफील्डच्या घरात, तो १९७४ मध्ये वारल्यानंतर, चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर सापडले. १९७६ मध्ये ते ७३ लाख डॉलरला एकगठ्ठा विकले गेले.

या साठ्यांतून एक गोष्ट कळते. सालाची दुर्मीळता एका थैलीने बुडू शकते, १९०३ च्या नाण्याची बुडालीच. रंगाचं तसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा डॉलर हा सगळ्यात सहज मिळणाऱ्यांपैकी आहे. तरी त्याच्यावर चांगला रंग असेल तर गिऱ्हाईक पांढऱ्या नाण्याच्या कित्येक पट मोजतं, कारण तसाच दुसरा नग उद्या कुठल्याही थैलीतून निघणार नाही. माझं मत विचाराल तर सगळे सात रंग एकत्र ओरडणारी नाणी मला फार काळ बघवत नाहीत. कडेला सोनेरी आणि मध्ये जेमतेम निळसर झाक, एवढं पुरे.

या थैल्यांशी आपला संबंध काय? चांगलाच आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड उचललं. त्याचे पैसे द्यायला रुपये हवे होते आणि रुपयांना चांदी. एक रुपयाची नोट १९१७ च्या अखेरीस आली, पण लोकांचा विश्वास खणखणणाऱ्या रुपयावर. १९१८ च्या सुरुवातीला युद्धाच्या वाईट बातम्या आल्या तशी नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची मुंबईच्या चलन कचेरीवर झुंबड उडाली. सरकारकडची रुपयांची शिल्लक झपाट्याने आटत गेली. तेव्हा नेवाडाचे सेनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. त्याखाली २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळवले गेले. त्यातल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरची चांदी ब्रिटिशांना विकली गेली, हिंदुस्थानसाठी.

डॉलरमध्ये शुद्ध चांदी २४ ग्रॅम, रुपयात पावणेअकराच्या जवळपास. म्हणजे एका डॉलरमागे सव्वादोन रुपये. थैल्या रिकाम्या करताना कुठल्या सालाची किती नाणी मुशीत गेली याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि रंग कोण बघतो! मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी मिळून १९१८ सालचे चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. तुमच्या घरी पंचम जॉर्जचा त्या सालचा रुपया असेल तर मागच्या बाजूला तळच्या फुलाखाली बारीक ठिपका आहे का पाहा. असला तर तो मुंबईचा. त्यातली चांदी एके काळी फिलाडेल्फियात किंवा सॅन फ्रान्सिस्कोत डॉलर म्हणून झोपलेली असण्याचा संभव चांगलाच आहे.

त्या रुपयावर रंग मात्र क्वचितच दिसेल. आपल्याकडचे साठे जमिनीत, हंड्यात, मडक्यात. ओल्या मातीतल्या क्षारांनी चांदीवर क्लोराइडचं राखाडी, मेणचट कवच बसतं आणि मिश्रणातलं तांबं हिरवं होऊन बाहेर येतं. इंद्रधनुष्यासाठी कोरडी जागा, कापड किंवा कागद, आणि दुर्लक्ष लागतं. घरातले रुपये तर दर लक्ष्मीपूजनाला चिंच, राख, रांगोळी, हल्ली टूथपेस्ट, यांनी घासून निघतात. माझ्या आजोळचे सात रुपये मीच लहानपणी रांगोळीने घासले होते. ते पांढरे झाले, पण मेल्यासारखे पांढरे. ठशातून निघताना धातूवर उमटलेल्या बारीक रेषांमुळे लकाकी येते. त्या रेषाच मी उतरवल्या होत्या आणि त्या परत येत नाहीत.

जमिनीत नाणी सापडली तर ती मुकाट्याने विकता येत नाहीत. १८७८ च्याच गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांपलीकडचं नाणं परदेशी पाठवायलाही बंदी आहे.

घरच्या रुपयांसाठी एवढंच करा. नाणं कडेने धरा. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारा हिरवट चिकटा धातू खातो. रबर बँड मुळीच नको, त्यातलं गंधक काळी रेघ ओढतं. आणि यंदा पूजेच्या ताटात एक तरी रुपया न घासता ठेवा. लक्ष्मी रागावणार नाही.