पडद्यावरचा सातबारा

शहागडच्या सेवा केंद्रात येणारा शेतकरी संकेतस्थळाचा पत्ता सांगत नाही. "तेवढा सातबारा काढून द्या" एवढंच म्हणतो. पत्ता लक्षात ठेवायचं काम पडद्यावरच्या चिन्हाचं. १ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, पुढच्या वर्षी पीएम-किसान, २०२३च्या खरिपात एक रुपयातला पीक विमा. तालुक्याच्या गावी, अंबडला होणाऱ्या खेपा कमी झाल्या, पडद्यावर चिन्हांची दाटी झाली.

मधेच १४ जानेवारी २०२०ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ७चा आधार काढून घेतला. जुन्या संगणकांना लिनक्स हा फुकटातला मार्ग होता. अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं, त्यामुळे ते यंत्र जोडलेला संगणक तसाच ठेवायचा. सातबारा-आठ अ काढायला मात्र लिनक्स पुरतं.

अडायचं ते चिन्हापाशी. पत्त्याशेजारचं कुलूप फायरफॉक्समधून ओढून पडद्यावर सोडलं की विंडोजमध्ये काम झालं. उबुंटू या लिनक्सवर तशाच चिन्हावर दोनदा टिचकी मारली, तर संकेतस्थळाऐवजी मजकुराची खिडकी उघडायची आणि आत तीन-चार ओळी: टाइप लिंक, नाव, पत्ता. समोर रांग असताना हे बघायला कोणाला वेळ आहे?

खोट त्या ओळींत नव्हती. लिनक्सवरच्या केडीई या दुसऱ्या पडद्यावर तीच फाइल बिनतक्रार उघडते. उबुंटूचा पडदा ग्नोमचा, आणि ग्नोमवाल्यांना पडद्यावर चिन्हंच नको होती. २०११च्या ग्नोम ३मध्ये त्यांनी ती मुळातच बंद ठेवली, मार्च २०१८च्या ३.२८मध्ये फाइल-व्यवस्थापकातून ती सोयच काढून टाकली. उबुंटूने त्या वर्षी जुनाच फाइल-व्यवस्थापक ठेवून वेळ निभावली. उबुंटूच्या २०.०४ आवृत्तीत जोडणी (एक्स्टेन्शन) लावून चिन्हं दाखवली, पण फोल्डरमधून ओढून आणलेली फाइल पडद्यावर टाकता येईना. शिवाय उजवी टिचकी मारून 'चालू करण्यास परवानगी' दिल्याशिवाय चिन्ह हलायचं नाही. ही अट मला पटते. अनोळखी फाइल आपोआप चालू नये. बाकीचा हट्ट मात्र रिकाम्या पडद्याच्या हौसेपायी.

जानेवारी २०२१मध्ये लिनक्स मिंट २०.१ने 'वेब ॲप्स' हे साधन दिलं. नाव टाका, पत्ता टाका, चिन्ह निवडा. संकेतस्थळ मेनूत येतं आणि स्वतःच्या खिडकीत उघडतं. नवख्याला हेच सांगावं. क्रोमचा शॉर्टकटही चालतो, पण तो क्रोमशीच बांधलेला.

मला आपली हाताने लिहिलेली डॉट डेस्कटॉप फाइल बरी वाटते. टाइपमध्ये 'लिंक'ऐवजी 'ॲप्लिकेशन', एक्झेकच्या ओळीत 'एक्सडीजी-ओपन' आणि पुढे पत्ता. ठरलेला ब्राउझर कोणताही असो, पान त्यात उघडतं. नावाच्या ओळीत देवनागरीत 'सातबारा', 'आठ अ', 'पीक विमा' लिहिता येतं. सरकारने संकेतस्थळाचा पत्ता बदलला तर एक्झेकची तेवढी एक ओळ बदलायची.