तार कोणाच्या हातात?

'तार' हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे. तार म्हणजे धातूची तार, आणि तिच्यावरून आलेला संदेश म्हणजेही तारच. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, म्हणून तुम्ही ती पाहिली नसेल. तारघरातील कारकून एक कळ दाबत असे. थोडा वेळ दाबली की एक खूण, जास्त वेळ दाबली की दुसरी. या खुणा विजेच्या वेगाने दूरच्या गावी पोहोचत. तेथील कारकून त्यांची अक्षरे करून कागदावर उतरवी.

एवढ्या साध्या यंत्रासाठी माणसे का भांडली? कारण ज्याच्या हातात तार, त्याला बातमी आधी कळे. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. दिल्लीच्या तारघरातून ती खबर अंबाल्याला गेली आणि पंजाबातील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. हा धडा सरकार विसरले नाही. १८८५ च्या कायद्याने तार चालवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडेच ठेवला. आणीबाणीच्या वेळी कोणाचीही तार अडवण्याची सोयही त्यात होती. चीनमध्ये तर १९०० साली बॉक्सर बंडखोरांनी तारेचे खांबच उपटले. त्यांना ते परक्यांच्या सत्तेचे खांब वाटत होते.

आता आपल्या वर्धा जिल्ह्याकडे या. सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना दूरध्वनी ठेवलेला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. पण त्याच सरकारने ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे गांधीजींना मुंबईत अटक केली. देशभर लोक खवळले. त्यांनी रेल्वेचे रूळ उखडले, तारा तोडल्या. तार तुटली की ठाण्याला मदत मागता येत नाही, हे खेड्यातल्या माणसालाही समजत होते.

१६ ऑगस्टला आपल्या जिल्ह्यातील आष्टी येथे लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यास निघाले. गोळीबार झाला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने पोलिसांनाही ठार केले. दोन्ही बाजूंच्या घरांत रडारड झाली, हे आपण विसरू नये. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथेही असेच घडले. पुढे तेथे फौज आली आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी नोव्हेंबरमध्ये उपोषण आरंभले. सरकारने काय केले? उपोषणाची बातमी छापण्यास बंदी घातली! तारा जोडता आल्या, पण लोकांची तोंडे बंद करता आली नाहीत. ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रांनी बंदीच्या निषेधार्थ हरताळ पाळला. अखेर सरकारने बंदी उठवली आणि १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, भन्साळींनी उपोषण सोडले.